१६ जानेवारीला भाषण नको, कायदा वाचून दाखवा

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या राजधानीत, रिचमंडमध्ये, चौदावी स्ट्रीट आणि कॅरी स्ट्रीट जिथे मिळतात तो कोपरा मी जानेवारीत मुद्दाम जाऊन बघितला. नदी जवळच आहे, वारं असं झोंबतं की ग्लोव्हज घातलेले हातसुद्धा खिशात कोंबावे लागतात. आत्ताची पांढऱ्या खांबांची कॅपिटॉल बिल्डिंग तयार व्हायच्या आधी व्हर्जिनियाची असेंब्ली, म्हणजे विधानसभा, ह्या कोपऱ्यावरच्या इमारतीत भरायची, आणि इथेच १६ जानेवारी १७८६ ला तो कायदा पास झाला ज्याच्या नावानं आज अमेरिका 'रिलिजस फ्रीडम डे' पाळते. धर्माच्या बाबतीत कुणावर जबरदस्ती नाही, शिक्षा नाही, आणि जे मत आपल्याला पटत नाही त्याच्या प्रचारासाठी पैसे द्यायची सक्ती तर नाहीच नाही, हे सांगणारा कायदा.

इथल्या बऱ्याच मराठी लोकांना हा दिवस माहीतच नसतो, मलाही पहिली पाच-सहा वर्षं नव्हता. सुट्टी नसते, शाळेत काही खास होत नाही, आणि दोन-चार दिवसांच्या आगेमागे मार्टिन ल्यूथर किंगची सुट्टी येते त्यामुळे सगळ्यांचं लक्ष तिकडे. आपल्या घरांमध्ये तर तो आठवडा संक्रांतीचा, तिळगूळ, हळदीकुंकू, लायब्ररीचा हॉल बुक झालाय की नाही ही धावपळ. १९९३ पासून दरवर्षी प्रेसिडेंट त्या दिवसाचं एक प्रोक्लमेशन, म्हणजे सरकारी निवेदन, काढतो आणि दिवस संपतो.

हा दिवस सरकारी पातळीवर पाळला जातो ह्याचा मला मनापासून आनंद आहे, तो बंद करा असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण गेल्या काही वर्षांची प्रोक्लमेशन्स मी बसून वाचली आणि वाईट वाटलं. पक्ष कुठलाही असो, साचा साधारण तोच, सुरुवातीला कायद्याचा मसुदा लिहिणारा थॉमस जेफरसन आणि व्हर्जिनियाचं नाव, मग आपला देश किती महान, मग ज्याचं सरकार त्याला त्या वर्षी जे मुद्दे पुढे न्यायचे असतील ते. कायद्यात नक्की काय लिहिलंय, तो का करावा लागला, कोण त्याच्यासाठी तुरुंगात गेलं, ह्यातलं फारसं काही नाही. स्वातंत्र्य म्हणजे जणू आपल्या चांगल्या स्वभावाचा एक गुण! तो गुण नव्हता हो, ते भांडून मिळवलेलं आहे, आणि ज्यांनी ते भांडून मिळवलं ते तेव्हाच्या व्हर्जिनियात अगदी नकोसे लोक होते.

काय परिस्थिती होती ते बघा. व्हर्जिनिया तेव्हा इंग्लंडची वसाहत, आणि इंग्लंडचं चर्च तिथे सरकारी चर्च होतं. पाद्र्याचा पगार वर्षाला १६,००० पौंड तंबाखू, हो, पगार तंबाखूत, आणि तो वसूल व्हायचा त्या पॅरिशमधल्या, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतल्या, सगळ्यांकडून, त्या चर्चची पायरीसुद्धा न चढणाऱ्यांकडून. तुम्ही प्रेस्बिटेरियन असा, बॅप्टिस्ट असा, म्हणजे दुसऱ्या ख्रिस्ती पंथाचे, तुमचा स्वतःचा पाद्री तुम्ही वेगळा पोसा पण सरकारी पाद्र्याचा तंबाखू आधी मोजा. आणि बॅप्टिस्ट लोकांची तर गोष्टच वेगळी. बहुतेक साधी शेतकरी माणसं, त्यांचे प्रचारक फारसे शिकलेले नसायचे, सरकारकडून लायसन्स घ्यायला बरेच जण तयार नव्हते कारण त्यांचं म्हणणं की देवाचं नाव घ्यायला सरकारची परवानगी कशाला. १७६८ मध्ये व्हर्जिनियातल्या स्पॉटसिल्व्हेनिया काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, त्यांच्या काही प्रचारकांना शांतताभंगाच्या आरोपाखाली पकडलं तेव्हा सरकारी वकिलाची तक्रार होती की रस्त्यात माणूस भेटला की हे लोक त्याच्या घशात बायबलचं वचन कोंबतात. कदाचित खरंही असेल, त्रासदायक असतीलही, पण त्यासाठी तुरुंग?

व्हर्जिनियातल्याच कल्पेपरच्या तुरुंगातला जेम्स आयर्लंड माझ्या डोक्यातून जात नाही. १७६९-७० च्या हिवाळ्यात ह्या तरुण बॅप्टिस्ट प्रचारकाला आत टाकलं, तर हा गजांच्या खिडकीतून बाहेर जमलेल्या लोकांना प्रवचन देत राहिला. त्यानं पुढे स्वतः लिहून ठेवलंय की त्याला गुदमरवण्यासाठी बाहेरून गंधक आणि मिरच्या जाळून आत धूर सोडला होता. मिरचीची धुरी म्हणजे काय हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको, फोडणीत मिरची जळली तर अख्खं घर खोकतं, आणि इथे एका बंद कोठडीत, थंडीत, पळायला जागा नसलेल्या माणसावर. प्रोक्लमेशनमध्ये ही खिडकी यायला हवी.

जवळच्या काउंटीत राहणारा जेम्स मॅडिसन, जो पुढे अमेरिकेचा प्रेसिडेंट झाला, तेव्हा विशीतला होता. जानेवारी १७७४ मध्ये त्यानं मित्राला लिहिलेल्या पत्रात संताप आहे की शेजारच्या काउंटीत पाच-सहा भले लोक निव्वळ आपली धर्ममतं सांगितल्याबद्दल तुरुंगात आहेत. हाच मुलगा दोन वर्षांनी, १७७६ मध्ये, व्हर्जिनियाच्या हक्कांच्या जाहीरनाम्याच्या समितीवर बसला. जॉर्ज मेसनचा मसुदा होता, मेसन मोठा माणूस, आणि त्यानं लिहिलं होतं की सर्वांना धर्माच्या बाबतीत पूर्ण 'टॉलरेशन' मिळावं. त्या काळात हे खूप पुढारलेलं वाक्य होतं. पंचवीस वर्षांच्या मॅडिसननं तो शब्द काढायला लावला आणि त्या जागी आलं की धर्माचं मुक्त आचरण करण्याचा सगळ्यांना सारखाच हक्क आहे.

मला विचाराल तर सगळी गोष्ट ह्या एका शब्दात आहे. टॉलरेशनला आपण पुस्तकात सहिष्णुता म्हणतो पण बोलताना आपण काय म्हणतो? चालवून घेणं. आणि चालवून घेणारा नेहमी वर असतो, ज्याला चालवून घेतलं तो खाली, आणि वरच्याचा मूड बदलला की खालच्यानं गप उठून जायचं. हक्क असेल तर मूडचा प्रश्नच येत नाही.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. आम्ही इथे घर घेतलं तेव्हा शेजारच्या बाई, खरंच प्रेमळ, स्वतः केलेला 'पाय' (pie), म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेला इथला पदार्थ, घेऊन आल्या, दारावरचं तोरण आणि उंबऱ्यातली रांगोळी बघून म्हणाल्या काळजी करू नका, आम्ही इथे सगळ्यांना टॉलरेट करतो. त्यांच्या मनात काहीही वाईट नव्हतं, आजही आमचे चांगले संबंध आहेत. पण मी दार लावलं आणि पोटात काहीतरी टोचलं, कारण हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. दुसऱ्या बाजूनं ऐकलं होतं. माझं माहेर डोंबिवलीचं. मी कॉलेजात असताना आमच्या सोसायटीत एक मुसलमान कुटुंब फ्लॅट विकत घ्यायला आलं होतं, नवरा-बायको, दोन लहान मुलं, आणि त्यावर आमच्याच हॉलमध्ये मीटिंग झाली. चहा मी केला होता. कुणीही ओरडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. कुणीतरी म्हणालं आपण तसे सगळ्यांना चालवून घेतो, पण शेवटी बिल्डिंगचा विचार करायला हवा ना. सगळ्यांनी माना हलवल्या, आणि त्या कुटुंबाला ना हरकत पत्र मिळालं नाही. माझे बाबा कमिटीत होते. मी ट्रे घेऊन उभी होते आणि मला त्यात काही चुकीचं वाटलं नव्हतं, हे मला आज लिहिताना जड जातंय पण लिहायलाच हवं. मॅडिसननं तो शब्द का खोडायला लावला हे मला वीस वर्षांनी, पायची डिश हातात धरून, दाराच्या आत उभं राहून कळलं.

बरं, १७७६ मध्ये शब्द बदलला म्हणून सगळं मिटलं असंही नाही. त्याच वर्षी व्हर्जिनियातल्या सरकारी चर्चबाहेरच्या लोकांनी, बहुतेक बॅप्टिस्टांनी, सुमारे दहा हजार सह्यांचा अर्ज असेंब्लीला दिला, कागदाला कागद जोडलेला, तो आजही जपून ठेवलेला आहे. जेफरसननं १७७७ मध्ये फ्रेडरिक्सबर्गला कायद्याचा मसुदा केला, १७७९ मध्ये तो असेंब्लीपुढे आला आणि तिथेच अडकला. मग १७८४ मध्ये व्हर्जिनियातला मोठा पुढारी पॅट्रिक हेन्री ह्यानं दुसरंच बिल आणलं. हा तोच हेन्री, ज्यानं वकील म्हणून पाद्र्यांच्या तंबाखूच्या पगाराच्या केसमध्ये पाद्र्यांच्या विरुद्ध भाषण करून नाव कमावलं होतं, म्हणजे माणूस काही खलनायक नव्हता. त्याचं बिल असं, की सगळ्यांनी थोडा टॅक्स द्यायचा, आपल्या पैशानं कुठल्या ख्रिस्ती पंथाचा धर्मशिक्षक पोसायचा हे आपणच सांगायचं, आणि कुणी सांगितलं नाही तर तो पैसा शिक्षणाला. ऐकायला किती गोड! जॉर्ज वॉशिंग्टनसुद्धा म्हणाला की लोकांना स्वतःच्या पंथासाठी पैसे द्यायला लावण्यात मला एवढं भयंकर काही दिसत नाही, ख्रिस्ती नसणाऱ्यांना सूट द्या म्हणजे झालं. आजही असं बिल कुठे आलं, आपल्याकडे किंवा इथे, तर चांगले चांगले लोक म्हणतील की अरे सगळ्यांनाच देतायत ना, मग अडचण काय.

अडचण मॅडिसननं १७८५ च्या उन्हाळ्यात पंधरा मुद्द्यांच्या एका अर्जात लिहून काढली. त्यातला एक मुद्दा मला तोंडपाठ आहे, त्याचा मतलब असा की जी सत्ता आज तुमच्याकडून एखाद्या धर्मसंस्थेसाठी फक्त तीन पेन्स जबरदस्तीनं घेऊ शकते ती उद्या तुम्हाला दुसऱ्या कुठल्याही धर्मसंस्थेपुढे मान वाकवायला लावू शकते. तीन पेन्स म्हणजे चिल्लर. पण प्रश्न चिल्लरचा नाहीच, खिशात हात कुणाचा आहे हा आहे. त्या अर्जावर आणि त्यासारख्या कितीतरी अर्जांवर गावोगावच्या लोकांनी सह्या केल्या, त्यात बॅप्टिस्ट आणि प्रेस्बिटेरियन पुढे होते, म्हणजे धर्म न मानणारे नव्हे तर अतिशय धार्मिक लोक म्हणत होते की आमच्या देवाला सरकारचा पैसा नको. हेन्रीचं बिल बारगळलं आणि मॅडिसननं जेफरसनचा जुना मसुदा बाहेर काढून पास करून घेतला. जेफरसन तेव्हा पॅरिसमध्ये अमेरिकेचा राजदूत होता.

असेंब्लीत प्रस्तावनेत येशू ख्रिस्ताचं नाव घालायची दुरुस्ती आली होती, आणि ती मोठ्या बहुमतानं पडली. जेफरसननं म्हातारपणी लिहिलं की ह्यावरून सिद्ध होतं की ह्या कायद्याच्या पांघरुणात त्यांना सगळ्यांना घ्यायचं होतं, ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान, हिंदू आणि काहीच न मानणारेसुद्धा. हिंदू! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. तिथे ना आपली देवळं होती ना मंडळं, मत द्यायला आपलं कुणी नव्हतं, आणि तरी कायदा करणाऱ्यांनी आपल्याला बाहेर ठेवलं नाही. म्हणून मला वाटतं की हा दिवस आपलाही आहे, पाहुणे म्हणून नाही, हक्कानं.

आता गोव्याकडे बघा, माझ्या सासरचं कुलदैवत मंगेश म्हणून मला ते टाळता येत नाही. कुशस्थळीचं देऊळ सोडून लिंग जुवारी नदीपलीकडे प्रियोळला न्यावं लागलं ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक नव्या सुनेला सांगतात, मलाही लग्नानंतर पहिल्यांदा मंगेशीला गेलो तेव्हा सासूबाईंनी तळ्याच्या पायऱ्यांवर बसून सांगितली. ते सोळाव्या शतकातलं. पण इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, गोव्यात १५६० पासून होतं, १७७४ मध्ये एकदा बंद झालं, १७७८ मध्ये परत सुरू झालं आणि कायमचं बंद झालं १८१२ मध्ये. म्हणजे रिचमंडच्या त्या कोपऱ्यावर हा कायदा पास होत होता त्या दिवशी गोव्यात धर्माच्या नावानं खटले चालवणारं न्यायालय चालू होतं. ज्यांच्या घराण्याचा देव होडीतून पळवून न्यावा लागला त्यांना ह्या कायद्याची किंमत कुणी समजावून सांगायची गरज नाही. आणि म्हणूनच आपण बहुसंख्य असतो तिथे आपण कसे वागतो हा प्रश्न आपल्याला सगळ्यात जास्त लागू होतो, डोंबिवलीतल्या त्या मीटिंगसकट.

कुणी म्हणेल, आणि इथे बरेच जण म्हणतात, की जेफरसननं आयुष्यभरात सहाशेवर माणसं गुलाम म्हणून बाळगली, त्याच्या कायद्याचं कसलं कौतुक. ह्याला मी उडवून लावणार नाही. उलट माझं म्हणणं आहे की हेही त्याच दिवशी सांगा. नॅट टर्नर ह्या गुलामानं केलेल्या उठावानंतर, १८३२ मध्ये, ह्याच व्हर्जिनियाच्या असेंब्लीनं काळ्या माणसांना, गुलाम असोत की स्वतंत्र, प्रवचन द्यायला बंदी केली. कॅपिटॉलपासून चालत जाण्याच्या अंतरावर ब्रॉड स्ट्रीटला फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्चची जुनी जागा आहे. १८४१ मध्ये हे चर्च सुरू झालं, सगळे सभासद काळे, आणि पाद्री मात्र गोरा, कारण कायद्यानं दुसरा चालत नव्हता, अमेरिकेतलं यादवी युद्ध संपेपर्यंत हेच. म्हणजे ज्या बॅप्टिस्टांनी मिरचीची धुरी सोसून हा कायदा आणवला त्याच पंथाच्या काळ्या माणसांना त्याच शहरात पन्नास-साठ वर्षांनी स्वतःच्या चर्चमध्ये उभं राहून बोलता येत नव्हतं. कायदा पुस्तकात तसाच होता, एक अक्षर बदललं नव्हतं. हे न सांगता दिवस पाळला तर तो अर्धाच पाळला.

आणि हा कायदा काही म्युझियममध्ये ठेवून दिलेला नाहीये. १९४७ मध्ये न्यू जर्सीतल्या एका गावानं कॅथलिक शाळेत जाणाऱ्या मुलांच्या बसचं भाडं पालकांना परत द्यायचं ठरवलं म्हणून केस सुप्रीम कोर्टात गेली, एव्हरसनची केस, तेव्हा नऊच्या नऊ जज व्हर्जिनियाच्या ह्या इतिहासावर एकमत होते, आणि तरी निकाल ५ विरुद्ध ४ लागला, भाडं द्यायला हरकत नाही. विरोधातल्या जस्टिस रटलेजनं तर मॅडिसनचा तो पंधरा मुद्द्यांचा अर्ज अख्खाच्या अख्खा आपल्या निकालपत्राला जोडला. तीन पेन्स आणि बसचं भाडं! माणसं एकच इतिहास वाचून वेगळ्या ठिकाणी पोचतात, पोचू देत, पण निदान वाचून तर पोचू देत. आपल्या भारताच्या राज्यघटनेतलं कलम २७ उघडून बघा, एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी म्हणून राखून ठेवलेला कर द्यायची कुणावर सक्ती करता येणार नाही, हीच ती खिशातल्या हाताची गोष्ट. धर्मस्वातंत्र्याचं कलम २५ सगळ्यांना ऐकून तरी माहीत असतं, २७ कुणी वाचतच नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. १६ जानेवारीला भाषण करू नका, कायदा वाचा. पूर्ण. मी घड्याळ लावून बघितलं, मोठ्यानं सावकाश वाचला तरी सहा मिनिटांच्या आत होतो. असेंब्लीत वाचा, काउंटी बोर्डाच्या मीटिंगमध्ये वाचा, हायस्कूलमध्ये वाचा. त्यात एक वाक्य आहे की आपले नागरी हक्क आपल्या धर्ममतांवर अवलंबून नाहीत, जसे ते आपल्या फिजिक्सच्या किंवा भूमितीच्या मतांवर अवलंबून नाहीत. माझ्या नववीतल्या मुलीनं हे वाचलं आणि म्हणाली, म्हणजे पायथागोरस चुकीचा आहे असं मी म्हटलं तरी माझा पासपोर्ट कुणी काढून घेणार नाही, तसंच ना. तसंच. एवढं तिला कुठल्याही प्रोक्लमेशनमधून कळलं नसतं.

गेल्या जानेवारीत संक्रांतीच्या कार्यक्रमात आम्ही दोघींनी त्याचा मुख्य भाग मराठीत करून वाचला, तिळगुळाच्या आधी. कुणावरही कुठल्याही पूजेची, प्रार्थनास्थळाची किंवा धर्मगुरूची सक्ती होणार नाही, धर्ममतांमुळे कुणाच्या शरीराला वा मालमत्तेला त्रास दिला जाणार नाही, आपलं मत सांगायला आणि युक्तिवादानं मांडायला सगळे मोकळे. दोघा-तिघांना आवडलं नाही, सणाच्या दिवशी हे कशाला म्हणाले, एका काकांनी विचारलं की हे इथल्यापुरतंच आहे ना. मी म्हटलं नाही काका, त्याच कायद्यात पुढे लिहिलंय की हे माणसाचे नैसर्गिक हक्क आहेत, व्हर्जिनियाच्या माणसाचे असं नाही लिहिलेलं. ते काही बोलले नाहीत, पण निघताना त्यांनी कागदाची एक कॉपी मागून घेतली. आणि बाबांना मी हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले त्या कुटुंबातल्या माणसाचं नाव तुला आठवतं का. मला आठवत नव्हतं. त्यांना आठवत होतं.

येत्या १६ जानेवारीला त्या कोपऱ्यावर दुपारी बारा वाजता आम्ही काही जण जमून कायदा वाचायचं ठरवतोय, तुकड्या-तुकड्यानं. एक बॅप्टिस्ट, एक काळ्या चर्चमधलं कुणीतरी, एक मुसलमान, एक ज्यू, एक देव न मानणारा, आणि आपल्यातलं एक. शेवटचा परिच्छेद मी मागून घेतलाय. त्यात असेंब्ली म्हणते की पुढच्या असेंब्लीचे हात बांधायची ताकद आमच्यात नाही हे आम्हाला माहीत आहे, उद्या कुणी हा कायदा रद्द करू शकेल, आखूड करू शकेल, पण तसं केलं तर ते माणसाच्या नैसर्गिक हक्कावरचं आक्रमण असेल, हे आम्ही आजच सांगून ठेवतो.